पांढऱ्यांचा दुसरा कप्पा

माझी बायको गेली, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी तिच्या सगळ्या कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या. मला त्यांतलं काही कळत नव्हतं. तेहतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्या सगळ्या काळात घरामागच्या वाडीत, विहिरीच्या पलीकडे तिने जे काही मांडलं होतं, तिकडे मी फारसा फिरकलो नाही. अंडी ताटात यायची, तेवढाच माझा संबंध.

आमचं घर वसईकडच्या गासला. आमच्या आळीतली निम्मी घरं आता बंदच असतात. नाताळात उघडतात, नव्या वर्षाच्या आठवड्यात पुन्हा कुलूप लागतं. माझी मुलगी मेलबर्नला. दर रविवारी मी मिस्सा आटोपून घरी आलो की तिचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, सगळं बरं ना. मी हो म्हणतो, ती हो म्हणते, आणि पाच मिनिटांत आम्ही एकमेकांना मोकळं करतो.

शाळेत मी पुस्तकातली मराठी बोलायचो आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की जीभ आपोआप घरच्या बोलीवर यायची. बायको गेल्यावर ती बोली घरात बोलायला कोणी उरलं नाही. पहिले काही महिने हे माझ्या लक्षातही आलं नाही. मग एकदा विहिरीवर पाय घसरला आणि तोंडातून जो शब्द निघाला तो आमच्या बोलीतला होता. मी तिथेच उभा राहिलो. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकत होतो.

अशा दिवसांत ती डॉक्टर आली. जनावरांची डॉक्टर. तिशीची, परभणीकडची, सरकारी दवाखान्यात नोकरी करता करता पुढची पदवी घेत होती. शेजारणीच्या म्हशीला तपासायला आली होती, तिथून सरळ माझ्या ओसरीवर.

"सर, तुमच्याकडे रिकामं खुराडं आहे असं कळलं."

"खुराडं आहे. कोंबड्या नाहीत."

"कोंबड्या मी आणते," ती म्हणाली. "मला जागा हवी आहे, आणि रोज न चुकता नोंद ठेवणारं माणूस हवं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही सुट्टीतसुद्धा शाळेत जाऊन पावसाची नोंद करायचात."

ते खरं होतं. मी तिला आत बोलावलं आणि चहा टाकला.

तिचं काम तिने मला सोप्या शब्दांत सांगितलं. तीन जातींच्या कोंबड्या आणायच्या. एक पांढरी, व्यापारी शेडमध्ये असते ती, वर्षभर जवळजवळ रोज अंडं देणारी. दुसरी तांबूस, संकरित, अंगाने जड. तिसरी गावठी, जव्हारकडच्या पाड्यांवरून आणलेली. सगळ्यांना एकाच छपराखाली ठेवायचं, एकच खाद्य, एकाच विहिरीचं पाणी. फरक राहील तो फक्त जातीचा. मग पाहायचं, कोणाच्या अंड्याचं कवच किती जाड, किती भक्कम, आणि कोणाची हाडं कशी.

"कवचाचं समजलं. हाडं कशी पाहणार?"

"ती शेवटी, सर."

मला 'शेवटी'चा अर्थ कळला. मी कपबशा उचलून आत गेलो. त्यावर आम्ही पुढे वर्षभर बोललो नाही.

सप्टेंबरात तलंगा आल्या, अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. मी आगाशीच्या बाजारातून जाळी आणून बायकोच्या जुन्या खुराड्याला दोन्ही बाजूंनी वाढवलं होतं आणि आत सहा कप्पे पाडले होते. प्रत्येक जातीचे दोन कप्पे, एका कप्प्यात आठ कोंबड्या. एका जातीला दोन कप्पे कशाला, असं मी विचारलं नाही. ते मला ठाऊक होतं. एकाच कप्प्यात काही वेगळं घडलं तर दुसऱ्यावरून कळतं. हे मी मुलांना मोडाच्या वाटाण्यांच्या दोन कुंड्या ठेवून शिकवलेलं होतं.

दिवाळीच्या सुमारास अंडी सुरू झाली. सकाळी टोपली घेऊन जायचं, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कप्प्याचा आकडा आणि तारीख घालायची, वहीत मांडायचं. माझं अक्षर चांगलं आहे. ती ते पाहून खूश झाली होती. आणि कोंबड्यांशी मी बोलायला लागलो, आमच्या बोलीत. त्यांना कळो न कळो, त्या मान वाकडी करून ऐकायच्या.

दर शनिवारी दुपारी ती स्कूटरवरून यायची. आठवड्यातली ठरलेली अंडी वेगळी काढलेली असायची. ती एकेक फोडायची, आतलं पातेल्यात, कवच बशीत. कवच धुवायचं, आतला पापुद्रा बोटाने सोलून काढायचा, वाळवायचं, आणि मग तीन ठिकाणी जाडी मोजायची. तिच्याकडे आकडे दाखवणारं यंत्र होतं. मी आतून माझं जुनं स्क्रू गेज काढून आणलं. मुलांना तारेची जाडी मोजायला शिकवायचो ते. ती हसली, पण नाही म्हणाली नाही. पहिल्या दिवशी आम्ही दोन्हींनी मोजलं. जुळलं. कवच मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जाड असतं. त्यात कोंबडीचं सगळं वर्ष मावलेलं असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

पातेल्यातलं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच शनिवारी आला. मी कांदा चिरला, आमच्या घरचा मसाला घातला आणि मोठं ऑम्लेट केलं. बेकरीतून पाव आणले होते. ती ओसरीवर मांडी घालून जेवली. दुसऱ्या शनिवारपासून मी पाव दुपारीच आणून ठेवू लागलो. शुक्रवारी संध्याकाळी मी ओसरी झाडायचो, दोन ताटं घासून पालथी घालायचो. बायको गेल्यापासून दुसरं ताट मांडणीवरून खाली आलं नव्हतं.

तिने मला कोंबडीचं छातीचं हाड चाचपायला शिकवलं. कोंबडी काखेत धरायची, पंख आवळून, आणि दोन बोटं छातीच्या मधल्या कण्यावरून हळू फिरवायची. सरळ लागलं तर ठीक. कुठे गाठ, कुठे वाकडेपणा लागला तर तिथे हाड कधीतरी मोडून जुळलेलं असतं.

"मोडलं तर ती ओरडत नाही का?"

"नाही ओरडत. अंडं देते," ती म्हणाली.

हिवाळ्यात सगळ्या ठीक होत्या. गावठ्या मनाला येईल तेव्हा अंडी द्यायच्या, पंधरा-सोळा झाली की खुडूक व्हायच्या, पिसं फुलवून कोपऱ्यात बसायच्या, आणि त्या दिवसांत काही द्यायच्या नाहीत. त्यांची अंडी लहान, पण फोडताना हाताला कळायचं, कवच टणक आहे. तांबूस अंगाने जड. दांडीवरून उडी मारताना धपकन पडायच्या, दोघींच्या छातीला गाठ लागली. आणि पांढऱ्या. त्या चिमणीसारख्या हलक्या, सतत घाबरलेल्या, आणि रोज अंडं. आज, उद्या, परवा. वहीत त्यांच्या ओळीत खाडा सापडत नव्हता.

मार्च संपता संपता उकाडा वाढला. कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकू लागल्या आणि खाणं कमी झालं. पांढऱ्यांची अंडी एव्हाना मोठी झाली होती आणि कवच पातळ. टोपलीत एकमेकांना लागूनच तडे जायचे. एकदा दुसऱ्या कप्प्यात नुसतं पापुद्र्याचं अंडं मिळालं, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं हललं.

एप्रिलमध्ये एका सकाळी पांढऱ्यांच्या त्याच कप्प्यात, विहिरीकडच्या, एक कोंबडी आडवी पडलेली दिसली. मेली असं वाटलं. जवळ गेलो तर डोळा हलला. उचलली. पाय लुळे, खाली सोडले तर तशीच कलंडली. खाली अंडं होतं, त्याच सकाळचं. पूर्ण अंडं, कवचासकट.

मी डॉक्टरला फोन लावला. ती एका गोठ्यात होती, मागून गाय हंबरत होती.

"सर, तिच्या हाडातला चुना संपलाय," ती म्हणाली. "कवच बहुतेक रात्रीत बनतं. तेव्हा पोटातलं खाद्य संपलेलं असतं, मग शरीर हाडातून काढून घेतं. ही जात थांबत नाही. हाड झिजलं तरी अंडं देतच राहते."

"मग काय करू?"

"ती बाजूला काढा. आपल्या हिशेबातून ती गेली आता. तिला तुम्ही काहीही द्या. शिंपले कुटून द्या संध्याकाळी, पाणी तोंडाशी ठेवा. उभी राहिली तर राहिली."

मी तिला केळ्यांच्या टोपलीत ओसरीवर ठेवलं. कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन पिशवीभर शिंपले गोळा करून आणले, धुतले, उन्हात टाकले, बायकोच्या खलात कुटले. पहिल्या संध्याकाळी तिने चोच लावली नाही. दुसऱ्या संध्याकाळी दोन-चार तुकडे उचलले. चौथ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ती टोपलीबाहेर, उंबऱ्याशी, फेंगडे पाय टाकत उभी होती.

इथे मला एक सांगायला हवं. माझी बायको न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यातून ती उठली नाही. हाडांच्या डॉक्टरांनी मला तिच्या हाडांचा फोटो दिव्यावर धरून दाखवला होता. म्हणाले, ही हाडं आज नाही झिजलेली, हे दहा-पंधरा वर्षांचं आहे, बाईंची उंची कमी झाली ते तुमच्या लक्षात आलं नाही का? मला आठवलं, वरच्या फळीवरचे डबे ती काही वर्षांपासून मला काढायला सांगायची. मी काढून द्यायचो. पुस्तकातून डोकं वर न काढता द्यायचो.

ती कोंबडी उभी राहिली त्या संध्याकाळी माझ्या खलात कुटलेले शिंपले उरले होते. विहिरीकडच्या कप्प्यात बाकीच्या सात पांढऱ्या दांडीखाली गोळा झाल्या होत्या. मी मूठभर आत टाकले. त्या तुटून पडल्या. इतक्या वखवखून की एकीने दुसरीच्या डोक्यावर पाय दिला. मी आणखी एक मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशीही टाकले. मग रोज. फक्त त्याच कप्प्यात. सहाही कप्प्यांत टाकले असते तर निदान सगळ्यांना सारखे झाले असते, एवढंही मला सुचलं नाही, की सुचवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. वहीत मी त्याची नोंद केली नाही. तेहतीस वर्षं मुलांना सांगितलं, प्रयोगात हात घालायचा नाही, आणि घातलाच तर लिहून ठेवायचं. मी लिहिलं नाही.

तीन-चार शनिवार गेले. मे महिन्याच्या मध्यावर ती कवचं मोजत बसली होती आणि मध्येच थांबली. मागची पानं उलटली, पुन्हा मोजलं.

"सर, गंमत बघा. पांढऱ्यांच्या पहिल्या कप्प्यात कवच उतरतंय, उकाड्यात उतरणारच. दुसऱ्या कप्प्यात चढतंय."

मी पाव कापत होतो. "असं?" म्हणालो.

"एकच जात, एकच वय, एकच खाद्य. काहीतरी वेगळं आहे तिथे."

पुढचे दोन शनिवार तिने ते वेगळं काय ते शोधण्यात घालवले. कप्प्यावर फणसाची सावली पडते का ते पाहिलं. मला म्हणाली, सर, तुम्ही दर तासाला सावली मोजाल का? मी मोजली. खडूच्या रेघा मारून, वेळ घालून, कागदावर काढून दिली. तिने दोन्ही कप्प्यांचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेलं. खाद्याची पोती उपसली, खालचं वरचं वेगळं आहे का म्हणून. गुडघ्यावर बसून जाळीच्या कडेची माती उकरली, त्या मातीत चुना आहे का म्हणून. तिच्या पाठीवर घामाने कुडता चिकटला होता. मी मागे पाण्याचा तांब्या धरून उभा.

"सापडेल सर," ती मला म्हणाली, जणू काळजी मलाच होती.

खरं सांगायचं तर मला तिच्या कामाची भीती कमी आणि शनिवार जाण्याची जास्त वाटत होती. तिला कळलं की ती यायची नाही. मग घरात पुन्हा मी आणि भिंतीवरचं घड्याळ. हा हिशोब मी मनाशी चार दिवस केला आणि मला माझीच लाज वाटली.

शनिवारी ती आली, हेल्मेट काढलं, तेव्हा मी ओसरीच्या पायरीवरच तिला गाठलं.

"माती उकरू नका. मी शिंपले टाकत होतो."

"कुठे?"

"दुसऱ्या कप्प्यात. एप्रिलपासून. रोज संध्याकाळी."

तिने हेल्मेट पोटाशी धरलं. मग पायरीवर बसली.

"मी तुम्हाला सावली मोजायला लावली," ती म्हणाली. "आणि तुम्ही मोजलीत."

"हो."

"का टाकलेत सर? बाकी कोणी टाकले असते तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही तर विज्ञानाचे शिक्षक."

माझ्याकडे उत्तर होतं. बायकोचं सांगता आलं असतं, फळीवरच्या डब्यांचं सांगता आलं असतं. पण ते सांगितलं असतं तर तिला मला माफ करावंच लागलं असतं, आणि तसं करणं बरोबर नव्हतं. मी म्हटलं, "मला ते पाहवलं नाही."

"मला पाहवतं असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली.

तिने त्या दिवशी मोजलं नाही. वही उघडून दुसऱ्या कप्प्याच्या पानांवर एप्रिलपासून पुढे उभी रेघ मारली. नुसती अंडीच नव्हती गेली. शिंपल्यांनी कवच सुधारलं तशी हाडंही सुधारली असणार, म्हणजे शेवटी त्या कप्प्यातली हाडंही तिच्या उपयोगाची राहिली नाहीत. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी फक्त कवचाचा विचार केला होता.

फाटकाशी जाऊन ती वळली. "त्या आता माझ्या कोंबड्या नाहीत. तुमच्या. त्यांना काय हवं ते द्या. बाकी पाच कप्प्यांना हात लावू नका."

"नाही लावणार."

"नोंद ठेवाल?"

"ठेवीन."

पुढचे चार शनिवार ती आली नाही. दवाखान्यातला एक माणूस येऊन अंडी घेऊन जायचा, दारातच उभा राहायचा. मी पाव आणत होतो. पहिल्या शनिवारी सवयीने आणले, दुसऱ्या शनिवारी कदाचित येईल म्हणून, मग उरलेले माझ्या पांढऱ्यांना चुरून घातले. जूनच्या पावसात वाडीत चिखल झाला, केळीची पानं फाटली. मी रोज सकाळी टोपली घेऊन जायचो, आकडे घालायचो, वहीत लिहायचो. कोंबड्यांशी बोलणं मात्र बंद झालं होतं. कोणाला दोष द्यावा असं नव्हतं, पण तोंडच उघडत नव्हतं. पूर्ण आठवडा कुणाशी एक वाक्य न बोलता जातो हे मी त्या महिन्यात पाहिलं. रविवारी मुलीने विचारलं, सगळं बरं ना, तर घसा इतका बसलेला होता की ती म्हणाली, सर्दी झाली का? मी म्हटलं, हो.

पाचव्या शनिवारी स्कूटर वाजली. ती आत आली, यंत्र काढलं, बसली. बराच वेळ आम्ही नुसतं काम केलं. मग ती बशीकडे पाहतच म्हणाली, "मी माझ्या सरांना सांगितलं, कॉलेजातल्या. ते म्हणाले, कप्पा वगळा, का वगळला ते एका ओळीत लिहा. एवढंच."

"तुम्हाला त्रास झाला."

"झाला. पण तुम्ही सांगितलं नसतं तर मी सावलीवर काहीतरी लिहून बसले असते." थोड्या वेळाने म्हणाली, "पाव आहेत का?"

पाव नव्हते. त्याच शनिवारी मी आणले नव्हते. मी छत्री घेऊन बेकरीत गेलो.

त्यानंतर ती शेवटपर्यंत येत राहिली, पण पहिल्यासारखं झालं नाही. ती माझ्याशी आदराने वागायची, आणि निघताना वही घेऊन स्वतः एकदा कप्प्यांत नजर टाकून यायची. मी ते पाहायचो. तिचं चुकत नव्हतं.

नोव्हेंबरात 'शेवट' आला. उरलेल्या पाच कप्प्यांतल्या प्रत्येकातून चार कोंबड्या घ्यायच्या होत्या. कुठल्या, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, नाहीतर हात आपोआप दुबळी किंवा धष्टपुष्ट निवडतो. पायातल्या कड्यांचे आकडे मी कागदावर लिहिले, घड्या घातल्या. ती म्हणाली, चिठ्ठ्या मी काढते. मी म्हटलं, नको, मी काढतो. नावाने नसल्या तरी मला त्या सगळ्या ओळखता येत होत्या. तांबूसांतली नऊ नंबरची माझ्या चपलेच्या बंदाला चोच मारायची. तिची चिठ्ठी निघाली. मी आकडा वाचला आणि पुढची उघडली.

तिने आणि कॉलेजातून आलेल्या एका बाईंनी ते काम केलं. मी एकेक कोंबडी काखेत धरून आणून देत होतो. कशी धरायची ते तिनेच शिकवलं होतं, पंख आवळून, छाती तळहातावर. माझ्याकडे असताना एकही फडफडली नाही. वीस कोंबड्या. दुपारपर्यंत झालं. जाताना तिने माझ्या पाया पडण्यासाठी वाकायला घेतलं, मी तिला अडवलं.

काही आठवड्यांनी तिने फोनवर सांगितलं काय निघालं ते. पांढऱ्यांची नडगीची हाडं सगळ्यांत लवकर मोडली. तांबूस मधल्या. गावठी अंगाने लहान, पण हाड मोडायला यंत्राला जोर लावावा लागला. कवचाचंही बरंचसं तसंच.

"आणि अंडी?" मी विचारलं.

"अंडी पांढऱ्यांनी दिली, सर. बाकीच्या दोघींना मागे टाकून."

पुढे तिला विदर्भात बदली मिळाली, तिच्या नवऱ्याच्या गावाजवळ. पदवी झाली तेव्हा तिने प्रबंधाची एक प्रत पाठवली. त्यात एका पानाच्या तळाशी लहान अक्षरात लिहिलं आहे की पांढऱ्या जातीच्या दुसऱ्या कप्प्यातील पक्ष्यांना काही काळ जादा कॅल्शियम मिळाल्याने तो कप्पा वगळला आहे. कोणी दिलं ते लिहिलेलं नाही. पहिले काही महिने तिचा दर शनिवारी फोन यायचा, मग महिन्यातून एकदा, आता दिवाळीला आणि नाताळला येतो. तिला मूल झालं आहे. तसंच व्हायला हवं.

उरलेल्या तांबूस, गावठ्या आणि पहिल्या कप्प्यातल्या चार पांढऱ्या मी गावात वाटल्या. दुसऱ्या कप्प्यातल्या आठ पांढऱ्या, ओसरीवर बरी झालेली धरून, माझ्याकडेच राहिल्या. त्या जातीला म्हातारपण फारसं लाभत नाही असं तिने मला सांगून ठेवलं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चार गेल्या. मग तीन. शेवटची परवाच्या फेब्रुवारीत गेली. तिला मी केळीखाली पुरलं, हात धुतले, ओसरीवर येऊन बसलो. अकरा वाजले होते. दिवस अख्खा पुढे पडला होता आणि त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

मी मुलीला फोन लावला. रविवार नव्हता, वेळही रोजची नव्हती. तिने पहिल्या घंटेला उचलला, "पपा? काय झालं?"

"काही नाही. कोंबडी मेली."

"कुठली कोंबडी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला यातलं काहीच ठाऊक नाही. अडीच वर्षं मी तिला फोनवर जेवलो, गोळी घेतली, एवढंच सांगत आलो होतो. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर आली तिथपासून. शिंपल्यांचं, सावली मोजल्याचं, पायरीवरचं बोलणं, चिठ्ठ्या. तिच्या आईच्या हाडांच्या फोटोबद्दलही सांगितलं, जे मी तिला तेव्हा विमानतळावरून आणतानाही सांगितलं नव्हतं. ती मध्ये बोलली नाही.

मग तिने विचारलं, "पपा, तुम्हाला खूप एकटं वाटतं का?"

मी नाही म्हणणार होतो. जीभ त्या शब्दापर्यंत गेली होती.

"हो," मी म्हटलं.

"मग सांगत का नाही?"

ती म्हणाली, माझा स्वयंपाक राहिलाय, फोन ठेवू नका, मी बाजूला ठेवते. तिने फोन कुठेतरी ओट्यावर टेकवला असावा. नळ सुरू झाला, बंद झाला. विळी तिथे नाही, सुरीने ती काहीतरी चिरत होती, लाकडी पाटावर, भरभर, मध्येच थांबून. कढईत फोडणी पडली. मी ओसरीवर फोन कानाला लावून बसलो होतो. तिने मध्ये एकदा विचारलं, "आहात ना?" आणि मी म्हटलं, "आहे."